क्रोन्स: इन्फ्लिक्सिमॅब सुरू करायचं की सरळ ऑपरेशन? (भाऊ, वय २७)

सायली_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

धाकट्या भावाला क्रोन्स आहे, म्हणजे आतड्याला वारंवार सूज येणारा जुनाट आजार. वय २७, हिंजवडीला आयटीत. सुरुवात अशी झाली की उजवीकडे खाली पोटात पीळ पडायचा, वजन उतरत गेलं, संध्याकाळी कणकण. इथल्या डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी करून आतड्याचा टीबी असणार म्हणून टीबीचा कोर्स दिला, मधे थोडं बरं वाटलं, कोर्स संपला आणि परत तेच. मग पुण्याला दाखवलं तेव्हा क्रोन्स ठरलं, त्याला आता तीन वर्षं होतील. स्टिरॉइड चालू असलं की ठणठणीत, डोस खाली आणला की महिना-दीड महिन्यात पुन्हा दुखणं. अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) दिलं तर पांढऱ्या पेशी एकदम खाली आल्या आणि केस मुठीमुठीने गळायला लागले, ते बंदच करावं लागलं.

आत्ताच्या एमआर एंटेरोग्राफीत (आतड्याचा एमआरआय) लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे टर्मिनल इलियमला, साधारण १५ सेंमी सूज आहे. मोठं आतडं स्वच्छ. फिस्चुला (आतड्यातून आरपार फुटलेली वाट) नाही, गळू नाही, आतडं चिंचोळं झालंय असंही लिहिलेलं नाही. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याच्या सुजेची खूण) मात्र भरपूर वाढलेलं.

गॅस्ट्रोच्या डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक तर इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅब हे बायोलॉजिक (सूज पेटवणारं प्रथिन दाबणारं इंजेक्शन) सुरू करायचं, नाहीतर दुर्बिणीने तेवढा तुकडा काढून टाकायचा. "दोन्ही बरोबर आहेत, घरी बोलून ठरवा" म्हणाले. आता आम्ही काय ठरवणार हो! आईचं म्हणणं ऑपरेशन म्हणजे शेवटचा उपाय, औषधं संपली की बघू. बाबा म्हणतात जन्मभर इंजेक्शनं म्हणजे पैशाचं काय. भाऊ वैतागून म्हणतो एकदाचं कापून टाका, मोकळा होतो. त्यात त्याच्या लग्नाचं बघणं चालू आहे त्यामुळे घरात वेगळंच टेन्शन. मामा कुठल्याशा वैद्यांचा नंबर घेऊन बसलाय.

कुणी या दोन्हीतून गेलंय का? आई म्हणते तसं ऑपरेशन खरंच शेवटचं असतं का?

---

पेरू_वर्ज्य

सायली, मी ऑपरेशनवाला. माझंही टर्मिनल इलियमच, पण माझी गोष्ट तुझ्या भावापेक्षा उशिराची आहे हे आधी सांगतो, कारण तोच फरक महत्त्वाचा आहे. मी गोळ्यांवर वर्षानुवर्षं ढकलत राहिलो आणि तोवर आतडं आतून चिंचोळं होऊन बसलं. मक्याचं कणीस, पेरूच्या बिया, शेवग्याची शेंग असलं काही खाल्लं की अडकायचं, पोट फुगून ढोल, उलट्या, मग रात्री इमर्जन्सीत नाकातून नळी. तिथवर गेल्यावर "औषध की ऑपरेशन" हा प्रश्नच उरत नाही, व्रण सुकून जिथे कडक झालंय ते बायोलॉजिकने मऊ होत नाही असं मला स्पष्ट सांगण्यात आलं.

तर ऑपरेशन. टर्मिनल इलियम आणि त्याला लागून मोठ्या आतड्याची सुरुवात, अपेंडिक्स धरून, एवढं काढतात आणि दोन टोकं जोडतात. दुर्बिणीने झालं तर बेंबीजवळ एक बऱ्यापैकी छेद आणि दोन-तीन बारीक भोकं. मला पिशवीची म्हणजे स्टोमाची जाम भीती होती. ती लागली नाही, पण सही घेताना त्यांनी सांगितलं होतं की आत पू निघाला किंवा तब्येत फार खालावलेली असली तर काही महिन्यांसाठी ठेवावी लागू शकते. सगळ्यात मोठा धोका म्हणजे जोड गळणे, शंभरात काही जणांना होतो, आणि झाला तर परत ऑपरेशन. हे लपवून कुणी फक्त गोड बोलत असेल तर दुसरीकडे विचारा.

नंतरचं कुणी नीट सांगत नाही म्हणून लिहितो. बी१२ शोषण्याची जागा तीच, म्हणून ते तपासत राहायचं, मला इंजेक्शन घ्यावं लागतं. पित्ताचे क्षारही तिथेच परत शोषले जातात, ते सुटून मोठ्या आतड्यात गेले की पाण्यासारखे जुलाब होतात, मी घाबरलो की आजार परत आला, पण तो आजार नव्हता, कोलेस्टायरामिनची पावडर दिली आणि थांबलं. सगळ्यांना होत नाही, किती आतडं काढलं त्यावर आहे.

आणि भावाला सांग "मोकळा होतो" हे डोक्यातून काढ. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये अख्खं मोठं आतडं काढलं की तो आजार संपतो म्हणतात, क्रोन्समध्ये तसं नाही. वाळवी लागलेली फळी बदलली म्हणजे घरातली वाळवी गेली असं होत नाही, तसं आहे हे. माझ्या सहा महिन्यांच्या कोलोनोस्कोपीत जोडाच्या वरच्या अंगाला बारीक जखमा दिसल्याच, मला एका कशाने त्रास नव्हता तरी. मग औषध चालू केलं. पण तरी विचारशील तर, जेवणाचं ताट समोर आल्यावर भीती वाटत नाही ही गोष्ट मला ऑपरेशनने दिली, गोळ्यांनी दिली नव्हती.

---

निसर्गमित्र

बायोलॉजिक म्हणजे प्रतिकारशक्तीच मारून टाकणारं विष. माझ्या ओळखीत एकाचं कुटजारिष्ट, डाळिंबाची साल आणि ताकावर पूर्ण बरं झालं. ऑपरेशन तर अजिबात नको, पोटाला हवा एकदा लागली की संपलं.

---

दर_पंधरवड्याला

@निसर्गमित्र, ताक प्या, कुणी नाही म्हणत नाही. पण तुमच्या ओळखीतल्याला क्रोन्स होतं की नुसती आंव होती ते बायोप्सीत पाहिलं होतं का? हा आजार मधे महिनोन्महिने आपोआप शांत बसतो, त्या काळात जे चालू असेल त्याला श्रेय मिळतं. आतून मात्र पोखरणं चालू असू शकतं.

सायलीताई, मी अडालिमुमॅबवर आहे, दर दोन आठवड्यांनी ४० मिलिग्रॅमचं पेन, घरीच मांडीत किंवा पोटावर मारतो. माझ्या बाबतीत ऑपरेशनचा पर्यायच नव्हता कारण आजार एका जागी नाही, लहान आतड्यात मधे मधे तुकड्या-तुकड्याने आणि मोठ्या आतड्यातही, कापायचं तर काय काय कापणार, आतडं पुरायला नको का. शिवाय गुदद्वाराजवळ फिस्चुला झाला होता, तिथे सेटनचा दोरा घातला, पू निचरू दिला आणि वर बायोलॉजिक. म्हणजे माझ्यात दोन्ही झालं खरं तर. लोक जो "औषध विरुद्ध ऑपरेशन" सामना लावतात तो बऱ्याच पेशंटच्या आयुष्यात नसतोच.

इन्फ्लिक्सिमॅब हे सलाइनमधून, वजनाप्रमाणे किलोला ५ मिलिग्रॅम, पहिला डोस, मग दुसऱ्या आठवड्यात, सहाव्या आठवड्यात आणि नंतर दर आठ आठवड्यांनी. दोन-तीन तास बसायचं, लॅपटॉप घेऊन जातात लोक. आपल्याकडे सगळ्यात मोठी काळजी टीबीची. ही औषधं टीएनएफ (सूज पेटवणारं प्रथिन) दाबतात आणि शरीरात झोपलेल्या टीबीला कोंडून ठेवायचं काम तेच टीएनएफ करत असतं. म्हणून आधी मँटू किंवा इग्रा (झोपलेल्या टीबीच्या चाचण्या), छातीचा एक्सरे, गरज वाटली तर सीटी, आणि हिपॅटायटिस बी तपासणी. भावाचा टीबीचा कोर्स झालाय ही गोष्ट ठसठशीत सांगा, फाईलमध्ये वरतीच ठेवा तो कागद.

आता औषधाच्या बाजूने एक जोरदार मुद्दा. ब्रिटनमधली प्रोफाइल नावाची ट्रायल, २०२४ मध्ये छापून आली, ४० हॉस्पिटलं, नुकतंच निदान झालेले ३८६ पेशंट. अर्ध्यांना पहिल्यापासूनच इन्फ्लिक्सिमॅब अधिक इम्युनोमॉड्युलेटर (अझाथायोप्रिनसारखं औषध), बाकीच्यांना नेहमीसारखं पायरी-पायरीने. ४८ आठवड्यांनी स्टिरॉइडशिवाय आणि ऑपरेशनशिवाय शांत राहिलेले पहिल्या गटात ७९ टक्के, दुसऱ्यात १५. पोटाचं ऑपरेशन पहिल्या गटात एकाला लागलं, दुसऱ्यात दहा जणांना. म्हणजे औषध वेळेवर आणि पूर्ण ताकदीने दिलं तर सुरी टळते. आपल्याकडे मात्र मेसालामिनच्या गोळ्या गिळत वर्षं घालवतात लोक, क्रोन्समध्ये तिचा फारसा उपयोग नाही तरी.

---

ट्युलिपनगरी

मी अ‍ॅमस्टेलवीनला राहते, मूळची नाशिकची, मला स्वतःला क्रोन्स आहे आणि इकडे हाच प्रश्न माझ्यासमोर ठेवला गेला होता म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर माफ करा.

@दर_पंधरवड्याला यांनी दिलेले प्रोफाइलचे आकडे बरोबर आहेत पण त्यात दोन गोष्टी निसटतात. ते पेशंट निदान होऊन सहा महिन्यांच्या आतले होते, सायलीच्या भावाला तीन वर्षं झालीत. आणि त्यात तुलना औषधाची औषधाशी आहे, लवकर की उशिरा एवढीच. ऑपरेशनशी तुलनाच नाही. सायलीने विचारलेल्या नेमक्या प्रश्नावर जी ट्रायल झाली ती इकडची, नाव लिरिक, नेदरलँड्स आणि ब्रिटनमधली २९ हॉस्पिटलं, १४३ पेशंट, २०१७ मध्ये छापली. कुणाला घेतलं होतं? टर्मिनल इलियममध्ये ४० सेंमीपेक्षा कमी आजार, आतडं ठळक चिंचोळं नाही, गळू नाही, स्टिरॉइड किंवा इम्युनोमॉड्युलेटरने भागलं नाही. सायली, तुझ्या भावाचा रिपोर्ट परत वाच. अगदी तोच पेशंट आहे!

चिठ्ठी टाकल्यासारखं अर्ध्यांना दुर्बिणीने ऑपरेशन, अर्ध्यांना इन्फ्लिक्सिमॅब. वर्षाच्या शेवटी जगण्याचा दर्जा मोजला, झोप, पोट, काम, मनःस्थिती असं सगळं धरून एक प्रश्नावली असते, त्यात ऑपरेशनवाल्यांचा सरासरी १७८, औषधवाल्यांचा १७२, म्हणजे शास्त्रीयदृष्ट्या फरक नाही. आईला हे सांग. शेवटचा उपाय म्हणून नव्हे, तर बायोलॉजिकच्या जागी ठेवून तपासलं आणि ऑपरेशन कुठेच कमी पडलं नाही.

मला जास्त पटलं ते पुढचं. त्याच लोकांना साधारण पाच वर्षं बघितलं. इन्फ्लिक्सिमॅबच्या ६५ जणांपैकी ३१ जणांचं शेवटी ऑपरेशन झालंच, आणि राहिलेल्यांनी त्याच जातीचं औषध चालू ठेवलं, बदललं किंवा डोस वाढवला. ऑपरेशनच्या ६९ जणांपैकी १८ जणांना पुढे बायोलॉजिक लागलं, दुसऱ्यांदा आतडं कापायची वेळ एकावरही आली नाही. २९ जणांना क्रोन्ससाठी पुढे काही वाढवावं लागलं नाही, त्यातल्या निम्म्यांना खबरदारी म्हणून एक इम्युनोमॉड्युलेटर चालू होतं ते धरून. डेन्मार्कमध्ये २००३ ते २०१८ च्या सरकारी नोंदी तपासल्या, १२७९ पेशंट, तिथेही पहिल्यांदा ऑपरेशन केलेल्यांचं पुढचं चित्र बरं दिसलं आणि पाच वर्षांनी त्यातले जवळपास निम्मे कुठल्याच औषधावर नव्हते. अर्थात नोंदी म्हणजे ट्रायल नव्हे, कुणाला कापायचं हे डॉक्टरांनी आधीच निवडलेलं असतं. युरोपातल्या क्रोन्सच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आता अशा छोट्या तुकड्यासाठी ऑपरेशन हा बरोबरीचा पर्याय म्हणून लिहिलेला आहे.

मी काय केलं? इन्फ्लिक्सिमॅब घेतलं. कारण तेव्हा मुलगी तान्ही होती आणि मला उचलायला मनाई असलेले आठवडे परवडणारे नव्हते. एवढं साधं कारण. इकडच्या डॉक्टरांनी ते कारण पुरेसं मानलं. पण माझ्याजवळ एक गोष्ट होती जी भावाजवळ नाही, अझाथायोप्रिन मला सोसतं. २०१० ची सॉनिक ट्रायल आहे, त्यात २६ आठवड्यांनी स्टिरॉइडशिवाय शांत असलेले दोन्ही औषधं एकत्र घेणाऱ्यांत ५७ टक्के, एकट्या इन्फ्लिक्सिमॅबवर ४४, एकट्या अझाथायोप्रिनवर ३०. एकट्या इन्फ्लिक्सिमॅबविरुद्ध शरीर अँटीबॉडी जास्त तयार करतं आणि औषध हळूहळू बोथट होतं. भावाला जोडीचं औषध देता येणार नसेल तर हे पारड्यात टाकावंच लागेल.

---

सायली_कोल्हापूर

ट्युलिपनगरी, खूप खूप आभार, रिपोर्ट परत वाचला आणि खरंच अंगावर काटा आला. पेरू_वर्ज्य दादा, तुमचं बी१२ आणि जुलाबाचं तर आम्हाला कुणी बोललंच नव्हतं.

एक लपवलेलं सांगते, भाऊ सिगरेट ओढतो. घरी माहीत नाही. रोज किती ते मलाही खरं सांगत नाही. याने फरक पडतो का? आणि सध्या स्टिरॉइड परत चालू आहे, त्यावर असताना ऑपरेशन चालतं का? अझाथायोप्रिन सगळ्यांना चालतं मग यालाच का नडलं?

---

टाकाधागा

मी सर्जरीचा रेसिडेंट, रात्रपाळी संपवून लिहितोय, वाक्यं वाकडीतिकडी असतील. मी तुमच्या भावाचा डॉक्टर नाही, रिपोर्ट पाहिलेले नाहीत, हे धरून वाचा.

शेवटचं आधी. अझाथायोप्रिनने लवकर पेशी पडणं आणि केस जाणं हे आपल्याकडे नवं नाही. एनयूडीटी१५ नावाचा जीन आहे, त्यातला एक बदल आशियाई लोकांत युरोपियनांपेक्षा बराच जास्त सापडतो आणि ज्यांच्यात तो असतो त्यांना हे औषध विषासारखं चढतं. आता रक्ततपासणीने आधीच बघता येतं. भावाची करून घ्या, कारण तसं निघालं तर ते औषध कायमचं बाद, आणि मग ऑपरेशननंतरचं प्रतिबंधक औषध म्हणूनही ते नाही, म्हणजे गरज पडलीच तर थेट बायोलॉजिक. हा मुद्दा दोन्ही बाजूंना लागू होतो, फक्त औषधाच्या बाजूला नाही.

सिगरेट. हो, पडतो फरक, आणि खूप. ऑपरेशननंतर ओढत राहणाऱ्यांमध्ये आजार परत डोकं वर काढण्याची शक्यता जवळपास दुप्पट. औषधांचाही असर कमी मिळतो. गंमत म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये सिगरेटचं उलटंच दिसतं, त्यामुळे कुणीतरी "सिगरेटने पोट बरं राहतं" असं ऐकवलं असेल तर तो दुसरा आजार. घरी सांगू नका हवं तर, पण डॉक्टरला त्याने सांगितलंच पाहिजे. भूल देणाऱ्यालाही.

स्टिरॉइडवर ऑपरेशन होतं, इमर्जन्सीत करतोच, पण ठरवून करायचं असेल तर डोस शक्य तितका खाली आणतात. प्रेडनिसोलोन चढ्या डोसवर असेल, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) पडलेलं असेल, हिमोग्लोबिन आठ-नऊ असेल तर जोड गळण्याची आणि पू होण्याची भीती वाढते, पिशवी लावायची पाळी बहुतेक अशा पेशंटवर येते. म्हणून आधी काही आठवडे फक्त पोषणाचे द्रव पदार्थ देऊन, लोह देऊन, पेशंट "बनवतात". काही जणांचं त्या द्रव आहाराने इतकं शांत होतं की ऑपरेशन पुढे ढकललं जातं. घाईने टेबलवर घेऊ म्हणणारा सर्जन आणि वर्षभर स्टिरॉइड रेटणारा फिजिशियन, दोघांपासून सारखंच लांब राहा.

थोडं विषयांतर, पण मला हे आवडतं म्हणून. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमधून क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी १४ पेशंटवरचा तो मूळ पेपर लिहिला. तेव्हा त्यांना वाटलं होतं की तुकडा काढला की आजार संपला. नाही संपला. मग दशकानुदशकं सर्जन बिचकत राहिले. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचं आतडं क्रोन्समुळे १९५६ च्या जूनमध्ये अडकलं तेव्हा तुकडा न काढता नुसता बायपास करून दिला, आणि नोव्हेंबरमध्ये ते निवडणूक जिंकून परत आले! आता असा बायपास सहसा करत नाहीत कारण आजारी भाग आत तसाच राहतो.

आणि आपला अभिमानाचा भाग. आतडं जागोजागी चिंचोळं झालं असेल तर प्रत्येक जागा कापून टाकण्याऐवजी त्यावर लांबीत छेद घ्यायचा आणि तो आडवा शिवायचा, वाट रुंद होते आणि आतडं एक सेंमीही कमी होत नाही. स्ट्रिक्चरप्लास्टी म्हणतात. हे चंदीगडच्या पीजीआयमधल्या कटारिया आणि सहकाऱ्यांनी टीबीच्या पेशंटवर करून १९७७ मध्ये छापलं, त्यानंतर इंग्लंडमध्ये ली यांनी क्रोन्सला ते लावलं. म्हणजे ज्या टीबीमुळे तुमच्या भावाचं निदान लांबलं, त्याच टीबीच्या पेशंटनी क्रोन्सवाल्यांची आतडी वाचवायचा रस्ता दाखवला. भावाला मात्र याची गरज दिसत नाही.

माझं मत विचाराल तर छोटा तुकडा, एकच जागा, जोडीचं औषध सोसत नाही, टीबीचा संशयाचा इतिहास. मी ऑपरेशनकडे झुकेन. पण मी सर्जनच होणार आहे, तेव्हा मिठाच्या खड्यासह घ्या.

---

दर_पंधरवड्याला

@ट्युलिपनगरी मान्य, प्रोफाइल इथे नीट बसत नाही. तरी एक सांगतो, लिरिकमध्ये औषधाच्या गटाला मिळालं ते त्या काळचं इन्फ्लिक्सिमॅब. आता रक्तातली औषधाची पातळी मोजून डोस वाढवतात, शिवाय व्हेडोलिझुमॅब, युस्टेकिनुमॅब आलीत, एक फसलं तर दुसरं. त्यामुळे "निम्म्यांना कापावं लागलं" हा आकडा आज जशाच्या तसा लागू होईल असं मला वाटत नाही.

@टाकाधागा, सहा महिन्यांची कोलोनोस्कोपी सगळ्यांना करतात का? माझ्या ओळखीत दोघं ऑपरेशननंतर बरं वाटतंय म्हणून फिरकलेच नाहीत.

---

टाकाधागा

करायला हवी, आणि तिथेच आपल्याकडे घोडं अडतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची पोसर ट्रायल, २०१५, त्यात ज्यांची सहा महिन्यांनी कोलोनोस्कोपी केली आणि जखमा दिसल्यावर औषध वाढवलं त्यांचं दीड वर्षाचं चित्र कोलोनोस्कोपी न केलेल्यांपेक्षा बरं निघालं. जोडावरच्या जखमांना शून्य ते चार असे गुण देतात, रुटगर्ट्स स्कोअर. दोन किंवा त्यावर गेला की औषध. दुखायला लागण्याच्या कितीतरी आधी ते दिसतं. जो पेशंट परत येणार नाही हे दिसतंय त्याला पहिल्या दिवसापासून औषध देऊन ठेवणारेही सर्जन आहेत.

---

क्लेमवाले_काका

मेडिकलमधलं मला कळत नाही, पण विमा क्षेत्रात आयुष्य गेलं म्हणून पैशाचं लिहितो, बाबांचा प्रश्न कुणी घेतलाच नाही.

ऑपरेशन म्हणजे भरती, भरती म्हणजे मेडिक्लेम सरळ लागतो. इन्फ्लिक्सिमॅबची सलाइन डेकेअरमध्ये बसवता येते. घरी मारायचं पेन मात्र ओपीडी खर्च धरतात आणि बहुतेक पॉलिसीत ओपीडी नसते. क्लेम नाकारताना "हे बायोलॉजिक आहे, कव्हर नाही" असं उत्तर आलं तर गप्प बसू नका. आयआरडीएआयने (विमा नियामकाने) २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची जी यादी काढली त्यात मोनोक्लोनल अँटीबॉडीचं इंजेक्शन स्पष्ट लिहिलंय, ते पॉलिसीतून सरसकट वगळता येत नाही. फक्त कंपनी त्याला पोटमर्यादा (त्या उपचारापुरती वेगळी कमाल रक्कम) घालू शकते, ती कागदात आधी वाचा. भावाची कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल तर आधीच्या आजाराचा वेटिंग पिरियड बहुधा नसतो, पण नोकरी सुटली की ती जाते, म्हणून स्वतःची वेगळी पॉलिसी आत्ताच काढून ठेवा, क्रोन्स लपवू नका, वेटिंग आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे.

फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. कुठली शस्त्रक्रिया कुठल्या हॉस्पिटलात बसते ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारायचं, रेशनकार्ड घेऊन. आणि अडालिमुमॅब घ्यायचंच ठरलं तर भारतीय कंपनीचं बायोसिमिलर विचारा, अहमदाबादच्या झायडसने २०१४ मध्येच आणलंय, मूळ ब्रँडच्या मानाने बरंच स्वस्त. औषध कंपन्यांचे पेशंट प्रोग्रॅमही असतात, काही डोसांवर एखादा फुकट वगैरे, डॉक्टर स्वतःहून बोलत नाहीत, विचारावं लागतं.

---

पेरू_वर्ज्य

लग्नाचं राहिलंच. इलियमच्या ऑपरेशनचा मूल होण्याशी संबंध नाही, टीएनएफ दाबणारी इंजेक्शनं घेणारेही बाप होतातच. मुलीकडच्यांना आधी सांगा एवढंच. माझ्या बायकोला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं, तिने विचारलं मिसळ चालते का. चालते म्हटलं, तर्री कमी.

---

सायली_कोल्हापूर

@पेरू_वर्ज्य 😄 आईला वाचून दाखवलं, पहिल्यांदा हसली.

आज भावाला हे सगळं पाठवलं. तो अजून ऑपरेशनच म्हणतोय, पण "मोकळा होतो" म्हणायचं थांबलाय. आई म्हणते आधी सिगरेट सोड (म्हणजे तिला माहीत होतं!!). येत्या आठवड्यात गॅस्ट्रो आणि सर्जन दोघांना एकत्र भेटायची वेळ मिळालीय. काय काय घेऊन जाऊ?

---

टाकाधागा

एमआर एंटेरोग्राफीची सीडी न्या, नुसता छापील रिपोर्ट नको, सर्जनला स्वतः चित्र बघायचं असतं. आधीच्या दोन्ही कोलोनोस्कोपींच्या बायोप्सी, आणि जमलं तर पॅथॉलॉजीचे ब्लॉक (मेणात ठेवलेले बायोप्सीचे तुकडे), टीबी की क्रोन्स हे अजून एकदा कुणीतरी बघू दे, कारण बायोलॉजिक द्यायचं असेल तर ते पक्कं हवं. अल्ब्युमिन, सीआरपी (रक्तातली सुजेची तपासणी), बी१२, व्हिटॅमिन डी ताजं. स्टिरॉइड कधी किती घेतलं ते एका कागदावर. आणि सर्जनला थेट विचारा की क्रोन्सची दुर्बिणीची ऑपरेशनं वर्षाला किती करता आणि त्यात उघडून करायची पाळी कितीदा येते. राग येत नाही, यायलाही नको.

---

ट्युलिपनगरी

आणि एनयूडीटी१५ चा रिपोर्ट यायला वेळ लागत असेल तर सॅम्पल आत्ताच देऊन टाका, भेटीपर्यंत हातात असेल.